गॅस संपत नाही, साहेब

मे महिन्यातली दुपार. स्वारगेटचा सिग्नल. गाडी उभी राहिली की स्टिअरिंग थरथरायला लागतं, आरशात मागची रिक्षा दोन-दोन दिसते आणि एसीतून येणारी हवा बाहेरच्या हवेइतकीच कोमट होते. सिग्नल सुटतो, गाडी पळते आणि पाच मिनिटांत दोन्ही तक्रारी गायब.

अशी गाडी गॅरेजला गेली की काय होतं? एसीवाला म्हणतो, ‘गॅस संपलाय, साहेब.’ मेकॅनिक म्हणतो, ‘प्लग बदलू, इंजेक्टर साफ करू, मग बघू.’ दोन तक्रारी, दोन माणसं, दोन बिलं. आणि बघायचं काम दोघांच्याही यादीत सगळ्यात शेवटी.

बघायचं आधी असतं. बदलायचं नंतर.

गाडी उभी असतानाच बिघडते आणि पळताना सुधारते, ही सगळ्यात मोठी खूण गिऱ्हाईक स्वतःच घेऊन आलेलं असतं. ती कुणी विचारत नाही. विचारली, तर पंखा, कंडेन्सर, थ्रॉटल अशा चार-दोन जागांवर संशय येतो. न विचारता पाना हातात घेतला, तर संशयित अख्खी गाडी.

आधी गॅसचं बघू. कारण सर्वांत जास्त थापा तिथेच मारल्या जातात.

एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता टाकून द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटला की डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो, केबिनची उष्णता शोषतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असतो तो आर-१३४ए वायू वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, म्हणून तर हे जमतं. या सगळ्या फेरीत एक ग्रॅमही संपत नाही.

मग कमी कसा होतो? वाट एकच. गळती.

रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, हे खरं. सात-आठ वर्षांच्या गाडीत थंडावा जरा उतरला, तर समजू शकतो. पण दर एप्रिलला ‘गॅस भरा’ हे पंक्चर न काढता हवा भरत राहण्यासारखं आहे. फरक एवढाच, की हवा फुकट मिळते.

गळती शोधणं अवघड असतं का? अनेकदा गळती स्वतःच जागा दाखवते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही नळ्यांमधून फिरतं. जिथून गॅस बाहेर पडतो, तिथे तेलाचा ओशट डाग उरतो आणि त्यावर धूळ चिकटते. कंडेन्सरच्या जाळीवर, होजच्या जोडांवर, कॉम्प्रेसरच्या पुढच्या तोंडाशी टॉर्च मारायचा. डोळे असले की पुरे.

डाग दिसला नाही, तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावतात. तरीही सापडलं नाही, तर सिस्टीममध्ये रंग सोडून अतिनील दिव्याखाली बघतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते, तिथे वास घेणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर पाण्याच्या ड्रेन पाइपाशी धरतात. या सगळ्याला वेळ लागतो. गॅस भरायला लागत नाही.

म्हणून गॅस भरला जातो.

आता ती दोन घड्याळांची गेज. एसीवाला बॉनेट उघडतो, गेज लावतो, इंजिन बंद असतानाच सुई बघून सांगतो, ‘प्रेशर बरोबर आहे’ किंवा ‘कमी आहे’. ऐकणारा मान डोलावतो. सुई दिसली की माणसाला विज्ञान दिसतं.

इंजिन बंद असताना त्या सुईला फार थोडं कळतं. तापमान तीस अंश असेल, तर आर-१३४एचा दाब साधारण ९७ पीएसआय असतो. आत साडेचारशे ग्रॅम असले तरी तेवढाच, दोनशे असले तरी तेवढाच. नळ्यांमध्ये थोडासा जरी द्रव शिल्लक असेल, तर दाब ठरवतं ते तापमान. प्रमाणाचा तिथे संबंधच येत नाही. सुई अगदीच खाली बसली असेल, तर गॅस जवळपास निघून गेलाय, एवढंच सांगता येतं.

खरं वाचन होतं ते एसी चालू असताना, आणि दोन्ही सुयांचं एकत्र. लो साइडला साधारण २५ ते ४५ आणि हाय साइडला १५० ते २५० पीएसआय, उन्हाळ्यात त्याच्याही वर. दोन्ही सुया कमी, तर गॅस कमी असण्याची शक्यता. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त झालाय किंवा कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाहीये. लो वर आणि हाय खाली, अशा दोघी एकमेकींकडे सरकल्या, तर कॉम्प्रेसर थकलाय. तीन वेगळे रोग, तीन वेगळे खर्च. एक सुई बघणाऱ्याला तिन्हींवर एकच औषध सुचतं.

गॅस मोजायचा असतो तो काट्यावर. गाडीच्या बॉनेटखाली एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. छोट्या हॅचबॅकमध्ये ते तीनशे ते पाचशेच्या दरम्यान. इतक्या लहान आकड्यात पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झाले, तरी गाडीला कळतं. बरोबर पद्धत अशी: आधीचा गॅस यंत्राने काढून घ्यायचा, निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारायचा, व्हॅक्यूम टिकतो का ते बघायचं आणि मग वजन करून नेमका भरायचा. व्हॅक्यूम मारल्याने आत शिरलेलं पाणी उकळून बाहेर पडतं. ते राहिलं, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतो आणि पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक पुन्हा दारात.

किती ठिकाणी वजनकाटा दिसतो? किलोभर कांदे घेताना आपण काट्याकडे डोळे लावून उभे असतो. इथे काटा नसला, तरी आपण विचारत नाही.

आणि जुना गॅस? तो बहुतेक ठिकाणी फुस्स करून हवेत सोडला जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवणारा वायू आहे. साडेचारशे ग्रॅम सोडले, की सव्वासहाशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. किलोमीटरला ११० ग्रॅम धूर टाकणारी गाडी पाच हजारांहून जास्त किलोमीटर पळाली, तर एवढं होतं. असे वायू कमी करण्याचा किगाली करार २०१६ साली झाला, भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. ही बातमी गॅरेजच्या शटरपर्यंत पोचलेली नाही.

स्वस्तातल्या गॅसच्या डब्याचंही तेच. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीतकंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटले, व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये माणसं मेली. आर-१३४एच्या नावाखाली भेसळीचा वायू भरला गेला होता आणि तो ॲल्युमिनियमशी झुंजला. तुमच्या गाडीतला कंडेन्सर कशाचा असतो? ॲल्युमिनियमचाच. डब्यावरचं नाव वाचून घ्यायला लाज कसली?

आता धागा जुळतो तो इथे. दर वर्षी ‘थोडा टॉप-अप’ मारत गेलं, की एक दिवस गॅस जास्त होतो. हाय साइडचा दाब चढतो. कॉम्प्रेसर फिरवायला जास्त ताकद लागते. ती ताकद कुठून येते? इंजिनच्या पट्ट्यावरून. आणि सिग्नलला उभ्या इंजिनकडे ताकद असते ती जेमतेम स्वतःपुरती.

म्हणजे स्टिअरिंगची थरथर एसीवाल्याने भरलेली असू शकते. मेकॅनिक मात्र प्लग बदलतोय.

उभ्या गाडीत पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, तरी इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेरे मारत असतं. हे आयडलिंग. कार्ब्युरेटरच्या काळात एक स्क्रू पिळून ‘रेस’ वाढवली, की काम भागायचं. आता ते काम ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, करतो. एसीचं बटण दाबलं, की ईसीयूकडे विनंती जाते. तो आधी हवा वाढवतो, आरपीएम थोडे उचलतो आणि मग कॉम्प्रेसरचा क्लच जोडतो. दोन-तीन किलोवॅटचं ओझं अंगावर पडणार, याची त्याला आगाऊ कल्पना असते. निरोगी गाडीत सुई किंचित हलते आणि स्थिर होते.

ती खाली कोसळून पुन्हा वर येत असेल, तर ईसीयू सांगतोय आणि कुणीतरी ऐकत नाहीये.

न ऐकणारा बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत सापडतो. झडपेच्या कडेला काजळी साचते, बंद झडपेतून जाणारी थोडीशी हवा अडते आणि एसीचं ओझं आलं की इंजिन धापा टाकतं. सफाई अर्ध्या-पाऊण तासाची, क्लीनरचा डबा चारेकशे रुपयांचा. चार नवे प्लग, इंजेक्टर क्लीनिंग आणि ‘डीकार्बनायझेशन’ नावाचं पॅकेज यांच्या कितीतरी आधी हे व्हायला हवं.

सफाईनंतर गाडी अचानक हजार-बाराशेवर भणभणायला लागली, तर घाबरू नका. काजळीच्या सवयीने ईसीयू झडप जास्त उघडायला शिकलेला असतो. काजळी गेली, सवय राहिली. त्याला नवी जागा शिकवावी लागते, कुठे स्कॅनरने, कुठे ठरलेल्या क्रमाने गाडी चालू-बंद करून. हे न करता गाडी हातात देणारा आणि ‘चार दिवसांत आपोआप सेट होईल’ म्हणणारा अर्ध्यावर काम सोडून गेलाय. आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलून उघडणाऱ्याचा हात वेळीच धरा. आतले प्लास्टिकचे दाते त्या बोटासाठी बनवलेले नाहीत.

एसी बंद असतानाही थरथर आहे का? हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. ‘हो’ असेल, तर एसीला सोडा आणि इंजिन बघा.

थंड असताना होते की गरम झाल्यावर? सकाळी पहिल्या पाच मिनिटांतच होत असेल, तर तापमानाचा सेन्सर, थ्रॉटल, कमकुवत स्पार्क. गरम झाल्यावरच होत असेल, तर कॉईल, इंजेक्टर, आणि सीएनजी गाडीत टॅपेट.

सीएनजी गाडी असेल, तर तपासणीचं बटण कंपनीने डॅशबोर्डवरच दिलंय. पेट्रोलवर टाका. पेट्रोलवर इंजिन शांत आणि सीएनजीवर थरथर, तर दोष किटच्या बाजूला: रिड्यूसर, गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर. किंवा प्लग आणि कॉईल, कारण सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि पेट्रोलवर चालून जाणारा प्लग तिथे उघडा पडतो. दोन्हींवर थरथर, तर दोष इंजिनातच. महाराष्ट्रभर पंपांवर सीएनजीच्या रांगा लागतात. त्या रांगेतल्या किती जणांच्या मेकॅनिकने हे बटण दाबून बघितलंय?

टॅपेटचं सांगायलाच हवं. सीएनजीत पेट्रोलसारखा ओलावा नसतो, व्हॉल्व्हची बैठक जास्त झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. कॉम्प्रेशन गळतं, एक सिलिंडर लंगडा होतो. फट तपासायला फीलर गेज लागते, पातळ पत्र्यांचा तो जुडगा प्रत्येक जुन्या मेकॅनिकच्या खणात असतो. काढत नाही, कारण व्हॉल्व्ह कव्हर खोलावं लागतं.

मिसिंग मारणाऱ्या गाडीची सगळ्यात सुंदर चाचणी फुकटची आहे. स्कॅनर म्हणतो दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दुसऱ्याची कॉईल काढून तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. गाडी चालवा. मिसफायर तिसऱ्यावर गेला, तर कॉईल गुन्हेगार. दुसऱ्यावरच राहिला, तर कॉईल निर्दोष, प्लगची अदलाबदल करा. मग इंजेक्टर. मग कॉम्प्रेशन. एकही नवा पार्ट न आणता निम्मा खटला निकालात निघतो.

त्याऐवजी काय होतं? चारही कॉईल बदलल्या जातात. चार कॉईलमध्ये एक वाईट होती, तीन चांगल्या भंगारात गेल्या आणि पैसे चारहींचे गेले.

दरम्यान, डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिन-दिवा उघडझाप करत असेल, तर ‘गॅरेजला नेऊ रविवारी’ म्हणू नका. स्थिर दिवा म्हणजे दाखवून घ्या. उघडझाप म्हणजे न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतोय. पाचशेचा प्लग वाचवताना पन्नास हजारांच्या घरातला पार्ट जाऊ शकतो.

आता स्कॅनर. आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ आलं. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात यंत्र लावलं, की गाडी स्वतःची तक्रार सांगते. किती मोठी सोय!

आणि तिचाच किती मोठा गैरसमज.

कोड आला पी०१७१: मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरच्या वाचनावरून झाली, म्हणून ऑक्सिजन सेन्सरच बदलला जातो. चोर आला म्हणून ओरडणाऱ्याला पकडायचं? सेन्सरने खरं सांगितलं होतं. हवा कुठून शिरतेय ते शोधायचं होतं: इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी, पीसीव्हीची नळी, अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह. पाच वर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजलेली रबरी नळी तडकणारच. तिची किंमत शंभर-दोनशे रुपये.

कोडच्या पलीकडे स्कॅनरमध्ये जिवंत आकडे असतात. ते वाचायला बसावं लागतं. फ्युएल ट्रिम नावाचा आकडा सांगतो, की ईसीयू हिशेबापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी देतोय. दहा टक्क्यांच्या आत असेल, तर ठीक. एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला तो अधिक वीस आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ आला, तर हवा चोरवाटेने शिरतेय, कारण उभ्या इंजिनात तेवढी गळती मोठी ठरते आणि पळत्या इंजिनात नगण्य. दोन्हीकडे अधिक वीस असेल, तर इंधनच कमी पोचतंय: पंप, फिल्टर किंवा सेन्सरवरची धूळ. एका मिनिटाचं वाचन, आणि अर्धी गाडी संशयातून मुक्त.

आपल्या छोट्या गाड्यांत बऱ्याचदा एअर-फ्लो सेन्सरऐवजी दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे नळी फाटली, तर ट्रिम फारसा बोलत नाही, आयडलिंगच चढून बसतं. त्याचा कोड पी०५०७: फेरे अपेक्षेपेक्षा जास्त. खाली पडले तर पी०५०६. एकाच फाटक्या नळीची दोन गाड्यांत दोन रूपं. हे माहीत नसलेला माणूस एका गाडीवर शिकलेलं दुसऱ्या गाडीवर खपवतो आणि थ्रॉटल बॉडी नवी मागवतो.

फाटकी नळी शोधायला धुराचं यंत्र मिळतं. इनटेकमध्ये धूर सोडायचा, जिथून बाहेर येईल तिथे बोट ठेवायचं. यंत्र नसलेले गरम इंजिनवर ज्वलनशील स्प्रे मारून बघतात. तसं करू देऊ नका.

हल्ली प्रत्येक थरथरीचं खापर इथेनॉल मिसळलेल्या इ-२० पेट्रोलवर फोडायची फॅशन आलीय. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, ॲव्हरेज थोडं उतरतं, जुन्या रबराला ते मानवत नाही, हे खरं. पण एकाच सिलिंडरचा मिसफायर इथेनॉल कसा करेल? टाकीतलं पेट्रोल चारही सिलिंडरना सारखंच जातं.

आणि कधी कधी इंजिन अगदी निर्दोष असतं. फेरे स्थिर, कोड नाही, ट्रिम ठीक आणि तरी आरसा थरथरतो. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, ते बसलेलं असतं. ब्रेक दाबून ऑटोमॅटिक गाडी डी वरून एन वर टाका; थरथर थांबली, तर आधी तिकडे बघा. प्लग किती वेळा बदलले तरी रबर नवं होत नाही.

परत एसीकडे. हायवेला गार आणि सिग्नलला गरम, तर पहिला संशय पंख्यावर. पळताना कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो, उभं राहिल्यावर तो पंख्याने द्यायचा असतो. एसी लावा, बॉनेट उघडा, हात लांब ठेवा आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. पंखा फिरतोय का? जोरात फिरतोय की रडतखडत? नसेल, तर फ्यूज, रिले, मोटर. रिले दीड-दोनशेला मिळतो. पंखा थांबला, की दाब चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो, हवा गरम होते, आणि तोडण्याआधी कॉम्प्रेसर इंजिनवर जो भार टाकतो, त्याने आयडलिंग हलतं.

स्वारगेटच्या त्या गाडीच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एवढंसं असू शकतं. एक रिले.

पंखा नीट असेल, तर कंडेन्सरवर पाण्याचा पाइप हलका धरा. गारवा लगेच सुधारला, तर कंडेन्सर चिखलाने, किड्यांनी, धुळीने बंद झालाय. धुऊन काढायचा, जाळी न वाकवता. गॅसचा इथेही संबंध नाही.

अर्धा तास छान गार, मग हवेचा झोतच मंदावतो आणि दहा मिनिटं एसी बंद ठेवला की परत येतो? कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. तिथला तापमान सेन्सर तपासा. गॅस थोडा कमी असतानाही असं होतं, म्हणून इथे वजन करायला हरकत नाही. पण आधी सेन्सर.

झोत पहिल्यापासूनच मंद असेल, तर ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर. पाच मिनिटांत हाताने निघतो.

डावीकडे गार, उजवीकडे गरम? हवा वळवणाऱ्या फ्लॅपची मोटर हे पहिलं नाव. आणि जागेवरच राहू द्या तो डॅशबोर्ड, जोवर स्कॅनरने ती मोटर चालवून बघितलेली नाही. एकदा खोललेला डॅशबोर्ड पुढे आयुष्यभर करकरतो.

आता उलटी गोष्ट, जी फार थोड्यांना सुचते. एसी चालत नाही आणि दोष एसीत नाहीच. इंजिन तापलं, किंवा तापलंय असं ईसीयूला वाटलं, तर तो एसी स्वतःहून तोडतो. इंजिन वाचवणं हे त्याचं पहिलं काम. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर बिघडली, की अनेक गाड्यांत पंखे पूर्ण वेगाने भणभणतात आणि एसी बंद पडतो. एसीवाला गॅस भरतो, कॉम्प्रेसरला दोष देतो, क्लच बदलतो. एसीवाल्याकडे स्कॅनर नसतो आणि मेकॅनिक म्हणतो, एसी माझं काम नाही.

गाडी मात्र एकच आहे. दोघांपैकी कुणाला तरी ती अख्खी बघावी लागेल.

एवढं सगळं मेकॅनिकवर ढकलून मोकळं होता येणार नाही. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तिथून बाहेर पडलेल्या पोराला पदरचे पैसे घालून स्कॅनर घ्यावा लागतो आणि दर काही वर्षांनी नवी गाडी आली की तो जुना होतो. तो तपासायला दीड तास घालवतो, आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘पण तू बदललंस काय?’

काहीच बदललं नाही, तर पैसे कसले, हा आपला हिशेब. पार्टचं खोकं दाखवलं, की आपण निमूट पैसे मोजतो. मग तो खोकी दाखवायला शिकतो. शिकवलं कुणी?

गॅरेजच्या बिलात लेबर असतं, पार्ट असतात, ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची एक गूढ रक्कमही असते. तपासणीची ओळ फार थोड्या बिलांत असते. ती मागून घ्या. त्या ओळीखाली काय-काय बघितलं तेही लिहून घ्या: हाय आणि लो साइडचा दाब, गॅसचं निघालेलं आणि भरलेलं वजन, आयडलिंगचे फेरे एसी चालू आणि बंद असताना, ट्रिमचे आकडे, आलेले कोड. पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजला गेलात, तरी हे आकडे तुमच्याबरोबर असतील. बदललेला जुना पार्टही हातात घ्या. तो तुमचाच आहे.

आणि एखादा तरुण मेकॅनिक दीड तास बॉनेटमध्ये डोकं घालून, धूर सोडून, ब्रेक बूस्टरची चिरलेली नळी बाहेर काढेल आणि बिल लिहील: नळी दीडशे, तपासणी आठशे. तेव्हा ‘एवढ्याशा नळीचे साडेनऊशे?’ असं म्हणू नका. द्या त्याला. त्या साडेनऊशेत एक ऑक्सिजन सेन्सर, चार कॉईल आणि एक थ्रॉटल बॉडी वाचलेली असते.